ओरफिनचे नऊ नाच

पेचबुरी गावच्या चाओ-फोला, म्हणजे तिथल्या गावदेवाला, नवस फेडताना लोक काय वाटेल ते आणून वाहतात. शंभर उकडलेली अंडी, डुकराचं मुंडकं, लाल सरबताच्या बाटल्या, लाकडी हत्ती. एकदा एका माणसाने खराखुरा पंखा आणून ठेवला होता, देवाला उकडत असेल म्हणून. पण चाओ-फोचं मन खरं रमतं ते नाचात, असं गावातलं जुनं माणूस छातीठोकपणे सांगतं, आणि तो नाच गेली एकतीस वर्षं ओरफिन नाचत होती.

देवळाच्या डाव्या अंगाला पत्र्याखाली हातभर उंचीचा ओटा आहे. तिथे सहा बायका भरजरी कपड्यांत, डोक्यावर टोकदार मुकुट चढवून उभ्या राहतात. थोंगबाय काका माईकवर नाव पुकारतात, कोण, कुठला, काय मागितलं होतं, किती नाच. नवस फेडणारा खाली हात जोडून बसतो, वाजंत्री सुरू होते, आणि चार-पाच मिनिटांत देवाचं देणं फिटतं. मग पुढचं नाव. कुणाला मुलगा झालेला असतो, कुणी पोलीस भरतीत लागलेला असतो, कुणाची पळालेली सून परत आलेली असते. ओरफिनने एकतीस वर्षांत परक्यांच्या सुखासाठी इतके नाच केले होते की तिचा डावा गुडघा आता नाव पुकारलं की आधी कुरकुरायचा आणि मग वाकायचा.

स्वतःसाठी मात्र तिने कधी काही मागितलं नव्हतं. ते मंडळात चालतच नसे. मंडळ उभं केलं त्या गुरुआजींचा दंडक होता, "आपण लोकांचे निरोप देवाकडे पोचवणाऱ्या. मध्येच आपली चिठ्ठी सरकवायची नाही." गुरुआजी जाऊन बारा वर्षं झाली तरी त्यांचा धाक ओट्यावर होता.

त्या साली पावसाळ्यात टीव्हीवर 'एकच छत्र' ही मालिका सुरू झाली आणि मंडळात फूट पडली.

कुठल्याही नकाशात नसलेलं डोंगरातलं एक राज्य, त्याचे दोन राजपुत्र आणि सिंहासनावर धरायचं पांढरं छत्र एकच. थोरला सीहनात. हा सगळं करायचा, बोलायचा काही नाही. दारिका नावाच्या विणकर मुलीवर चोरीचा आळ आला तर याने तो गुपचूप स्वतःवर घेतला आणि पाठीवर फटके खाल्ले, पण तिला पत्ता लागू दिला नाही. धाकटा मेखिन. हा मनात येईल ते तोंडावर बोलणारा, राजवाड्यात घुसमटणारा. दारिकाला त्याने तिसऱ्याच भागात नदीकाठी सरळ सांगून टाकलं की तू मला आवडतेस. आता दारिकाने कुणाचा हात धरायचा, यावरून सोमवार-मंगळवारी साडेआठ ते दहा सगळा देश टीव्हीपुढे बसायचा आणि उरलेला आठवडा भांडायचा.

"ताई, तुझा सीहनात म्हणजे देवळातला खांब," मंडळातली बुप्फा भुवया रंगवता रंगवता म्हणायची. ती मेखिनच्या पक्षाची. "भक्कम आहे, पण लग्न कोण करेल खांबाशी?"

"खांब आहे म्हणून छप्पर आहे," ओरफिन म्हणायची. "तुझा मेखिन वारा. येतो गोड, राहतो किती?"

"वाऱ्याला निदान आवाज तरी असतो."

हे भांडण देवापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एका शाळेच्या बाई मेखिनसाठी दोनशे अंडी बोलून गेल्या. त्याच दुपारी तीन मुली सीहनातसाठी पाच नाच बोलून गेल्या. थोंगबाय काकांनी कपाळाला हात लावला. "चाओ-फोला लोकांची दुखणी-बाणी बघायची की मालिका?" असं ते म्हणाले खरे, पण सोमवारी साडेआठला त्यांचंही दार बंद असायचं.

आता ओरफिन सीहनातच्या बाजूची का, हे बुप्फालाही ठाऊक होतं, फक्त ते कुणी बोलत नसे. तिचा नवरा पोर चार वर्षांची असताना गेला. मेला नाही, गेला. आणि मग ती पोरही गेली.

पोरीचं नाव मायुरा, पण घरात-गल्लीत सगळे तिला तान म्हणत. तान म्हणजे ताड, अंगणातल्या ताडावरून पडलेलं नाव. तानला नाच ओरफिननेच शिकवला. सहा वर्षांची असल्यापासून कोमट पाण्यात बोटं बुडवून ती मागे वळवायची, पोर रडली तर गूळ द्यायचा आणि पुन्हा वळवायची. अठराव्या वर्षी तान ओट्यावर उभी राहिली तेव्हा बघणाऱ्यांना फेडायचा नवस विसरायला झालं. आईपेक्षा चांगली, असं लोक ओरफिनच्या तोंडावर म्हणाले आणि तिला त्याचा इतका आनंद झाला की ती चेहरा पडल्यासारखा करून आत निघून गेली. आनंद झाला की तिचं असंच व्हायचं.

वर्षभराने तानच्या शाळेतल्या मैत्रिणी देवळात आल्या. त्यांनी फोनवर तिचा नाच टिपला, हसल्या, आणि एकीने विचारलं, हा लॉटरीवाल्याचा नवस आहे की डुकरं विकणाऱ्याचा? त्या संध्याकाळी तान जेवायला बसल्यावर म्हणाली, "आई, उद्यापासून मी नाचणार नाही. कुणाच्या लॉटरीसाठी मी नाही उभी राहणार."

ओरफिनला म्हणायचं होतं बरंच काही. म्हणाली ती एवढंच, "मग या नाचावर शिजलेला भातही तुला गोड लागायला नको."

तानने घास ताटात ठेवला, उठली, हात धुतले. सकाळच्या बसने ती चोनबुरीला गेली. तिथल्या एका कारखान्यात गाड्यांच्या सीटांवरची शिवण तपासायच्या कामाला लागली. टाका वाकडा दिसला की सीट बाजूला काढायची. डोळा आईचाच होता, कामाला आला.

याला सात वर्षं झाली. तान वाईट वागली असं कुणी म्हणू शकणार नाही. एप्रिलात नव्या वर्षाला यायची, आईच्या हातांवर पाणी घालून आशीर्वाद घ्यायची, दुसऱ्या दिवशी जायची. दर रविवारी फोन करायची. "जेवलीस?" "जेवले. तू?" "जेवले." झाला फोन. आणि तोही तिकडूनच यायचा. ओरफिनने सात वर्षांत एकदाही आपणहून नंबर लावला नाही. जी गेली तिने करावा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कित्येकदा फोन हातात घेऊन बसायची, मग ठेवून द्यायची.

तर अशी सगळी गंमत. मालिका सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी दोघींचं जेवण विचारून झालं, आणि फोन ठेवायच्या आधी तान सहज म्हणाली, "ती नवी मालिका बघतेस का गं, दोन राजपुत्रांची?"

"बघते की."

"कसला गोड आहे ना मेखिन?"

"गोड? काडीची जबाबदारी नाही त्याला. सीहनात बघ."

"सीहनात? आई, तो माणूस आहे का फर्निचर?"

त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. पुढच्या सोमवारी भाग संपल्या संपल्या घंटी वाजली, आणि मग दर सोमवारी, दर मंगळवारी वाजायला लागली. दोघी कडाकडा भांडायच्या. सात वर्षांत बोलल्या नव्हत्या एवढं त्या तीन महिन्यांत बोलल्या. मध्येच मग कारखान्यातली मुकादमीण कशी खवट आहे ते निघायचं, ओरफिनचा गुडघा निघायचा, चोनबुरीतली कालवं महाग झाली ते निघायचं. पण सुरुवात राजपुत्रांपासून व्हायला लागायची. त्यांच्याशिवाय दोघींना तोंड उघडता येत नव्हतं.

"तो बोलत नाही म्हणजे त्याला वाटत नाही असं थोडंच आहे?" ओरफिन म्हणायची.

"वाटत असेल गं. पण समोरच्याला कळणार कसं? दारिकाने काय पाठीवरचे वळ वाचायचे?"

"आणि तुझा मेखिन? गोड बोलतो आणि घोड्यावर बसून चालता होतो."

"घुसमटलं की माणूस बाहेर पडतो, आई. बाहेर पडला म्हणजे सोडून गेला असं नाही."

असं बोलणं झालं की दोघींपैकी एक घाईघाईने दारिकाच्या शेल्याच्या रंगावर काहीतरी बोलायची.

चोविसातल्या बाविसाव्या भागात गोची झाली. मेखिनने राजसभेत छत्राचा मान नाकारला, आईच्या पाया पडला आणि डोंगर उतरून गेला. तो मंगळवार होता. घंटी वाजली. ओरफिनचे डोळे कोरडे झाले नव्हते, आणि डोळे ओले असले की तिची जीभ हटकून तिखट व्हायची.

"बघितलंस?" ती म्हणाली. "ज्या ताटात वाढला तेच लाथाडून गेला. असल्याला दारिका कशाला हवी?"

तान हळू म्हणाली, "आई, तू मेखिनबद्दलच बोलतेयस ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. ओरफिन गप्प बसली. तिच्या लाडक्या सीहनातसारखीच बसली. थोड्या वेळाने तिकडून फोन ठेवल्याचं कळलं.

रविवारी फोन आला नाही. सात वर्षांत पहिला रविवार.

आता दोन भाग उरले होते, सोमवारचा आणि मंगळवारचा. त्यानंतर मालिका संपणार, आणि मालिका संपली की बोलायला काय उरणार? ओरफिनने रात्रभर हाच एक हिशोब घातला. पोर आपल्यापासून दुसऱ्यांदा चालली आहे, आणि या वेळेला तर बस कितीची हेही आपल्याला माहीत नाही, असं तिला वाटलं आणि ती उठून बसली.

सोमवारी उजाडता ती देवळात गेली, मागच्या दाराने नाही, पुढच्या. चार लोकांसारखी चप्पल काढली, नऊ उदबत्त्या विकत घेतल्या, पेटवल्या आणि चाओ-फोपुढे गुडघे टेकले. एकतीस वर्षं ज्याच्याकडे पाठ न करता ती नाचली, त्याच्याकडे तिने पहिल्यांदा मान वर करून बघितलं. गुरुआजींची मनातल्या मनात माफी मागितली.

"मेखिनला दारिका मिळू दे," ती पुटपुटली. "मला तो आवडत नाही, ते तुला माहीतच आहे. पण माझी पोर जिंकू दे. जिंकली की मला चिडवायला तरी फोन करेल. नऊ नाच नाचेन."

कान जड झाल्यामुळे तिचं पुटपुटणं चांगलं दोन खांब पलीकडे ऐकू जायचं. उदबत्तीच्या टेबलाशी थोंगबाय काका सुट्टे पैसे लावत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि खाली बघून सुट्टे पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतले.

सोमवारचा भाग झाला. फोन नाही.

मंगळवारी बुप्फाच्या घरी सगळ्या जमणार होत्या, पण ओरफिन डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिली. उशीवर फोन आणि समोर टीव्ही. शेवटच्या भागात मेखिन परत आला. दारिका त्याच्याबरोबर जायला निघाली, वेशीपर्यंत पोचली. ओरफिनने हात जोडले. आणि तेवढ्यात तो खांब, तो फर्निचर, तो चोवीस भाग न बोललेला सीहनात धापा टाकत वेशीत आला आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "तू थांबावंस, असं मला वाटतं. एवढंच म्हणायचं होतं. म्हणायला उशीर झाला."

दारिका थांबली. मेखिन हसला, भावाच्या खांद्यावर थाप मारली आणि घोड्यावर बसून निघून गेला.

शेजारच्या घरात सीहनातवाल्यांनी भांडी बडवली. ओरफिन तीन महिने ज्याच्यासाठी भांडली तो जिंकला होता, आणि ती बाही डोळ्यांना लावून ढसाढसा रडत होती. देवाने ऐकलं नव्हतं. चिठ्ठी मध्येच सरकवली, दुसरं काय होणार. फोन उशीवर काळा पडून राहिला. दोनदा तिने तो उचलला, तानचा नंबर काढला. पण जिंकलेल्याने हरलेल्याला फोन करायचा म्हणजे जखमेवर मीठ, असं म्हणून तिने तो ठेवला. सबब चांगली होती. सात वर्षांत तिला सबब कधी कमी पडली नव्हती.

बुधवारी देवळात ही गर्दी. सीहनातसाठी नवस बोललेले सगळे अंड्यांचे ट्रे घेऊन हजर. मेखिनवाले कुणी फिरकले नाहीत, त्यांचं काही देणं नव्हतं. बुप्फा लालबुंद डोळ्यांनी मुकुट बांधत होती आणि तो नट आपल्या मनातून उतरला, लेखिका मनातून उतरली, वाहिनी मनातून उतरली, असं क्रमाने सांगत होती. ओरफिन खाली मान घालून एका कमरपट्ट्याचे सुटलेले मणी शिवत होती.

पडद्यातून थोंगबाय काकांनी डोकं आत घातलं. "ओरफिन, एक जण स्वतः नाचणार आहे. एकच नाच. तयार करशील?"

क्वचित असं कुणी येतं. स्वतः नाचेन असा नवस बोललेलं. मग मंडळातल्या बायका तिला कपडे चढवतात आणि मागे उभ्या राहतात, म्हणजे तिची चूक देवाच्या डोळ्यांवर येत नाही.

"नाव काय?" ओरफिनने दोरा तोडत विचारलं.

काकांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. "मायुरा," ते म्हणाले. "चोनबुरी."

सुई ओरफिनच्या बोटात गेली.

तान पडदा सारून आत आली. कारखान्याचा निळा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात बांबूच्या नळीतला गोड भात, चोनबुरीहून येणारा माणूस आणतो तसाच. रात्रपाळी करून तशीच बसमध्ये बसली असणार, डोळे सांगत होते. बुप्फाने एकदा आईकडे, एकदा मुलीकडे बघितलं, बाकीच्यांना खुणावलं आणि सगळ्या बाहेर गेल्या.

"जेवलीस?" ओरफिन म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"जेवले. तू?"

"जेवले." मग ती म्हणाली, "कसला नवस?"

"सीहनात जिंकावा असा," तान म्हणाली. "खोलीच्या गॅलरीत उदबत्ती लावली. पेचबुरी कुठल्या दिशेला ते फोनवर बघितलं आणि तिकडे तोंड करून बोलले."

"तू तर मेखिनची."

"हो. अजूनही आहे."

"मग?"

तान पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "तुझा माणूस जिंकला की तू मला चिडवायला फोन करशील, असं वाटलं. तू कधीच करत नाहीस ना." थांबून म्हणाली, "केला नाहीस. पण नवस फळला, तो तर फेडायलाच हवा. तूच शिकवलंयस."

ओरफिन उठली आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली. खुंट्यांवर हुकांचे कपडे टांगलेले होते, दोन मिनिटांत चढणारे. ते तिने नुसते बाजूला सारले. पेटीत तळाशी गुरुआजींच्या वेळचा जुना पोशाख होता, ज्याला ना हूक ना गुंडी. तो अंगावरच शिवावा लागतो, बाह्या, छाती, पाठ, टाका टाका घालून. नाच झाला की शिवणाऱ्यानेच दोरे कापायचे. तोपर्यंत आतल्या माणसाला सुटका नाही.

"आई, बाहेर गर्दी आहे."

"थांबेल गर्दी. हात वर कर."

तान हात पसरून उभी राहिली आणि ओरफिन शिवायला लागली. पोर सात वर्षांत खांद्यात भरली होती. जुनं जरीचं कापड तिथे ताणलं जात होतं. खिडकीतल्या उजेडात पाठीमागून शिवताना चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

"त्या दिवशी मी मेखिनबद्दल बोलत नव्हते," पाठीमागून ओरफिन म्हणाली.

"माहीत आहे."

"तुझं ते ताट दोन दिवस तसंच झाकून ठेवलं होतं मी. अर्धा घास ठेवून गेली होतीस. वाटलं, बस चुकेल, येशील परत." टाका, आणखी एक टाका. "तू थांबावंस असं मला वाटत होतं गं. ते म्हणायचं सोडून मी भलतंच बोलले."

तानची पाठ हलली. सुई हातभर लांब धरून ओरफिन थांबली.

"हा तर सीहनातचा संवाद आहे," तान म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

"असू दे. त्याला चोवीस भाग लागले, मला सात वर्षं."

तानने बोटाने गाल पुसला, मग खांद्याकडे नजर टाकली आणि सवयीने म्हणाली, "आई, हा टाका वाकडा गेलाय."

"मग काढ मला बाजूला."

तान हसली. मग सरळ उभी राहून म्हणाली, "मी परत येणार नाहीये हां, आई. राहायला. माझं काम मला आवडतं. आज सहाच्या बसने जायचंय."

"कोण म्हणतंय राहा? हात वर ठेव."

थोंगबाय काकांनी नाव पुकारलं. मायुरा, चोनबुरी, एक नाच, स्वतः. तान पुढे उभी राहिली आणि मागे पाचजणींच्या रांगेत न जाता ओरफिन तिच्या डाव्या हाताला उभी राहिली. वाजंत्री सुरू झाली. तानची बोटं पहिल्या वळणाला अडखळली, दुसऱ्याला आठवली. मध्ये एकदा ती पार विसरली तेव्हा तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून आईच्या हाताकडे बघितलं आणि उचललं. लहानपणीही ती तेच करायची.

नाच संपला. तान घाम पुसत आत जायला वळली, तेव्हा ओरफिन ओटा उतरून थोंगबाय काकांच्या टेबलाशी गेली होती.

"काका, माझं नाव लिहा. नऊ."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तो सोमवारचा? अगं, तो तर पडला. न फळलेला नवस देवही मागत नाही. एकतीस वर्षं इथे काढलीस, आता मी शिकवू तुला?"

"लिहा, काका."

"मागितलंस ते मिळालं नाही ना?"

"मागायला चुकले मी. त्याला कळलं बरोबर."

काकांनी लिहिलं, माईक ओढला आणि खाकरले. "ओरफिन, पेचबुरी. नऊ नाच." नेमाप्रमाणे पुढे नवस काय होता तेही वाचायचं असतं, आणि नेम मोडणारे ते नव्हते. "मेखिनला दारिका मिळावी म्हणून."

गर्दीत खसखस पिकली. देवाला हिशोब कळत नाही की या बाईला, असं कुणीतरी म्हणालं. बुप्फा रंगवलेल्या भुवया वर करून बघतच राहिली. तान पडद्याशी होती. ती वळली, ओट्यावर पुन्हा चढून एकट्याच उभ्या राहिलेल्या आपल्या आईकडे बघितलं, आणि तिला एकदम सगळं समजलं. सीहनातवरून तीन महिने घसा बसेपर्यंत भांडलेली बाई कुणासाठी हरायला निघाली होती, ते समजलं.

ती परत येऊन आईच्या उजव्या हाताला उभी राहिली.

"नऊ झेपतील? गुडघ्याचं काय?"

"तू जा. बस चुकेल."

"कशी जाऊ? दोरे तूच कापणार आहेस."

पहिला झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. सहाव्याला ओरफिनचा गुडघा बसला तेव्हा तानने तिच्या कोपराखाली हात दिला, बघणाऱ्यांना तो नाचातलाच वाटला असेल. नाचताना चेहरा हलवायचा नसतो. आठव्याच्या मध्यावर ओठही न हलवता तान पुटपुटली, "तरी मेखिनच बरा होता."

"गप्प नाच," ओरफिन तशीच पुटपुटली. "नंतर बोलू."

नववा संपला. आत ओरफिनने कात्रीने एकेक दोरा कापला, घाई न करता. बांबूतला भात दोघींनी बुप्फाला देऊन खाल्ला. सहाला पाच मिनिटं असताना तान बसमध्ये चढली, खिडकीपाशी बसली, हात जोडून आईला नमस्कार केला. बस हलली, वळली, पुलापलीकडे दिसेनाशी झाली.

स्टँडवरच्या बाकावर ओरफिन बसली. गुडघा ठणकत होता. तिने पिशवीतून फोन काढला आणि सात वर्षांत पहिल्यांदा, कुठलीही सबब न शोधता, नंबर लावला.

"काय गं आई? काही राहिलं का?" तानने घाबरून विचारलं.

"नाही," ओरफिन म्हणाली. "तू मघाशी म्हणत होतीस ना, मेखिन बरा. हां, सांग आता, का बरा?"